सुकडी खाल्ली कुणी

एक जूनला जन्माला येणं हा गुन्हा असतो, हे प्रभूला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. तेही थेट ऑस्ट्रेलियातून.

२००७ सालचा एप्रिल. वसमतला सोनाजीच्या कारखान्यात प्रभू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली शिरून टाके मारत होता, अन् कुरिअरवाला आला. पाकीट नांदेडच्या एजंटाकडून, वसराम राठोडकडून. प्रभूनं तोंडावरची वेल्डिंगची काच वर केली, हात पँटीला पुसले अन् पाकीट फोडलं. दोन पानं, दोन्ही इंग्रजी.

वर्षभर याच कागदाची वाट बघणं चालू होतं. ऑस्ट्रेलियाला वेल्डर पाहिजे होते. पण तिकडं जायचा अर्ज करायच्या आधी तिकडच्याच एका तपासणी ऑफिसानं लिहून द्यावं लागतं, की हा माणूस खरंच वेल्डर आहे, याचं शिक्षण खरं, याचं अकरा वर्षांचं काम खरं. त्यासाठी प्रभूनं हिंगोलीच्या आयटीआयचं सर्टिफिकेट दिलं, सोनाजीचं पत्र दिलं, बरोबरीच्या दोन मिस्त्र्यांचे जबाब दिले, सोबत बायकोसकट सगळ्यांची ओळखपत्रं जोडली. ट्रॉल्यांचे चाळीस फोटो काढून दिले. एका फोटोत ट्रॉलीवर सोनाजीची सासू बसली होती, तोही पाठवला.

दुपारी सत्यशीला डबा घेऊन आली. बायको बारावी पास, म्हणून घरातलं इंग्रजी खातं तिच्याकडं. तिनं पत्र वाचलं. मग परत वाचलं. मग डबा खाली ठेवला.

"काय म्हनून राहिले?" प्रभूनं विचारलं.

"तुमची जन्मतारीख एक जून."

"व्हय."

"माझी एक जून. सोनाजीमामाची एक जून. साक्षीदार मिस्त्री दोघं, त्यांचीबी एक जून." सत्यशीलानं कागदावर बोट ठेवलं. "पाच माणसं, पाची एकाच तारखेला जन्मलेले. त्यांना वाटतंय कागद बनावट हायेत. एकाच माणसानं बसून केलेले."

पाठीमागं दोन्ही मिस्त्री खो खो हसायला लागले. सोनाजी तर पोट धरून बसला. "आरं, हे तर ह्यानंच लिव्हलंय! मागच्या साली मला आयकरवाल्याची नोटीस धाडली व्हती ना ह्यानं? शिक्का बटाट्याचा निघाला!"

हेच तर. प्रभू खोडीलच तसला होता. दर एक जूनला तो कारखान्याच्या दारात पाटी लावायचा, 'आज सर्व तालुक्याचा वाढदिवस, आहेर आणू नये'. आमच्याकडं जुन्या माणसांच्या जन्मतारखा कुणाला ठाऊक? लेकरू शाळेत घालायला नेलं, की गुरुजी अंदाजानं साल लावायचे अन् पुढं एक जून लिहून टाकायचे. शाळा जूनमध्ये उघडते, हिशोब सोपा जातो. अख्खा मराठवाडा एका दिवशी जन्मलाय. पण हे ऑस्ट्रेलियाला कोण सांगणार?

प्रभू हसला नाही, तेव्हा सोनाजीचं हसू आपोआप बारीक झालं.

"किती दिवस दिलेत?" प्रभूनं विचारलं.

"अठ्ठावीस. त्यातले बारा टपालातच गेले. तारीख अन् ओळख पटवनारा वेगळा पुरावा द्या म्हनतेत. न्हाईतर खोटे कागद म्हनून फाईल बंद."

वसरामला फोन लावला. तो आधीच तापलेला होता. "प्रभू, कान देऊन ऐक. खोट्याचा शिक्का एकदा बसला, की परत दार उघडत न्हाई. अन् दुसरं. तुझं पस्तिसावं कधी लागतंय? एक जूनला. पस्तिशीच्या आत अर्ज गेला तर वयाचे मार्क पुरते पडतेत. एक दिवस वर झाला की तू काठावरून खाली. म्हंजे पुरावाबी लागतो, अन् त्यात तुझं वय वाढूनबी चालत न्हाई. कळलं?"

"कळलं."

"अन् ह्या वेळी चेष्टा नको. तुझ्या पाया पडतो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच प्रभू फटफटीवर निघाला. त्याची वाडी औंढ्याच्या पलीकडं, माळावर. दहा-पंधरा घरं हटकरांची, घरापरीस मेंढ्या जास्त. शाळेत आता नवीन मॅडम होत्या, त्यांनी कपाटातून दाखल-खारीजचं जुनं रजिस्टर काढून दिलं. प्रभूनं आपलं पान काढलं अन् वरून खाली बोट फिरवलं. एक जून, एक जून, एक जून. एकतीस नावं, एकतीस एक जून. त्याला उडी मारावीशी वाटली. याच्याहून मोठा पुरावा कोणता? पण बोट एकतिसाव्या नावावर गेलं, अन् तिथंच अडकलं.

अनुक्रमांक एकतीस. बजरंग दगडोबा. जन्म एक जून.

"हे तुमचे भाऊ का?" मॅडमनी विचारलं.

प्रभूनं नुसती मान हलवली. ती हो होती का नाही, हे मॅडमना कळलं नसेल.

"झेरॉक्स घ्या," मॅडम म्हणाल्या, "पण मी त्यावर काय लिहून देऊ? तारीख अंदाजानं लिहिली, हे लिहिणाऱ्यानंच सांगायला पाहिजे. नरसिंग गुरुजी औंढ्याला राहतात."

प्रभूला ते माहीत होतं. म्हणून तर तो पंचवीस वर्षं औंढ्याला देवाला जाताना त्या गल्लीतून जात नव्हता.

नरसिंग गुरुजी ओट्यावर पेपर वाचत होते. पंच्याहत्तरी झालेली, पण पाठ फळ्यासारखी सरळ. त्यांनी चष्म्यावरून बघितलं अन् चटकन ओळखलं.

"या! बोकडाचे भाऊ या!"

बजरंग हा प्रभूच्या घरचा बोकड होता. प्रभू तिसरीत असताना शाळेचा पट तीसवर अडकला होता. एकतीस झाले तरच दुसरा मास्तर टिकणार होता. गुरुजींनी वर्गात विचारलं, शाळेत न येणारं लेकरू कुणाच्या घरी आहे? प्रभू उठून म्हणाला, "आमचा बजरंग हाय गुरुजी. माझ्याहून ल्हान." गुरुजींनी आनंदानं लिहून घेतलं. तीन महिने प्रभू हजेरीला आवाज बारीक करून बजरंगचं 'हजर' म्हणत होता. मग 'आजारी' म्हणायला लागला. गुरुजी भले माणूस, दवाखान्याची चिठ्ठी घेऊन घरी आले, अन् बजरंग त्यांना खुंट्याला बांधलेला भेटला. त्यानं गुरुजींची चिठ्ठीही खाल्ली.

"त्या दिवशी मी काय केलं माहीत आहे?" गुरुजी म्हणाले. "काही नाही. सरकारी रजिस्टर, शाईचं अक्षर. खोडलं तर माझी नोकरी. वर्षभर ठेवला, पहिली पास केला, अन् जत्रेत तुमच्या बापानं विकला तेव्हा नाव कमी केलं. कारण काय लिहिलं, वाचलंस का?"

प्रभूनं झेरॉक्स बघितली. शेऱ्याच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'स्थलांतर'.

"म्हंजे माझ्या आदी तोच गेला," प्रभूच्या तोंडातून निसटलं.

गुरुजी हसले नाहीत. प्रभूनं हात जोडले, पत्र दाखवलं, सगळं सांगितलं. सोळा दिवस, पस्तिसावं वर्ष, सगळं. गुरुजींनी ऐकलं. 'बनावट' या शब्दाला त्यांच्या कानाची पाळी हलली.

"माझ्या रजिस्टराला बनावट म्हणतात?"

"तसंच म्हनायलेत, गुरुजी. तुमी एक प्रतिज्ञापत्र द्या. तारखा अंदाजानं लिहिल्या म्हनून. अन् ते एकतिसावं नाव..." प्रभूनं खिशातून कागदाची एक पट्टी काढली. येतानाच कापून आणली होती. "झेरॉक्स काढताना एवढी पट्टी वर ठेवली की झालं. माझं नाव बारावं. त्यांना खालचं काय करायचंय?"

गुरुजींनी पट्टी घेतली, तिचे चार तुकडे केले अन् पेपराखाली ठेवली.

"मी लिहीन तर सगळं लिहीन. नाहीतर काहीच नाही. बोकडासकट."

"गुरुजी! खोट्याच्या संशयावरून पकडलंय मला, अन् तुमी पुराव्यात बोकड पाठवायलेत?"

"तुझी खरी तारीख काय, तेही लिहीन. बाराव्या नावापुढं."

"ती कुठं ठाव हाय कुनाला?"

गुरुजी आत गेले अन् कापडी बांधणीची एक पिवळी पडलेली वही घेऊन आले. प्रत्येक लेकराच्या आई-बापानं जे सांगितलं, ते त्यांनी या वहीत टिपलं होतं. साल त्यावरून लावायचे. प्रभूच्या नावापुढं लिहिलं होतं, 'आई म्हणते, दुष्काळाच्या साली. पोरगं सुकडीवर वाढलं.'

"बहात्तरचा दुष्काळ," गुरुजी म्हणाले. "तुझ्या वाडीपुढचा पूल त्याच कामातला. मजुरांना सुकडीचं गोड पीठ वाटायचे. आता पोरगं सुकडीवर वाढलं म्हणजे काय? सुकडी तुझ्या आईनं खाल्ली, तू पोटात होतास? मग तू त्र्याहत्तरचा. का तू स्वतः हातानं खाल्लीस? मग तेव्हा तू वर्षाच्या वरचा, म्हणजे एक्काहत्तरचा. मी मधलं साल घेतलं."

प्रभूनं मनात हिशोब केला. एक्काहत्तर म्हणजे पस्तिशी कधीच उलटली. ऑस्ट्रेलिया गेलं. सगळं वर्ष, चाळीस फोटो, सोनाजीची सासू, सगळं पाण्यात.

"माय म्हातारी झाली गुरुजी. तिला काय आठवनार? मी विचारून येतो अन् सांगतो."

"तू?" गुरुजींनी पायात वहाणा सरकवल्या. "मी येतो. तुझ्या गाडीवर. अन् तिथं तू एक शब्द बोलायचा नाही. बोललास, की मी उतरलोच म्हणून समज."

औंढ्यापासून वाडीपर्यंत प्रभूच्या डोक्यात शंभर डाव आले. मायला डोळा मारावा. खोकावं, एकदा खोकला तर 'पोटात होता' असं समजायचं. पण पाठीवर गुरुजींचा हात होता, अन् तो हात तिसरीतल्यासारखाच जड होता.

प्रभूची माय सत्यभामाबाई मेंढ्यांच्या वाड्याच्या कुडाजवळ मेंढीच्या पायातला काटा काढत बसली होती. गुरुजींना बघून तिनं पदर सावरला. "आवं बया, गुरुजी! ह्यानं आनखी काय केलं?"

"काही नाही केलं, सत्यभामाबाई. बसा तुम्ही. मला एवढं सांगा, हा पोरगा कधी झाला?"

"काहून? लगीन तर झालंय त्याचं."

"सरकारी काम आहे."

"ते आस्ट्रेलियाचंच ना?" तिनं प्रभूकडं बघितलं. "तिकडं म्हनं लय मेंढ्या हायेत. मेंढ्याच बघायच्या तर इथं काय कमी हायेत? सांग की रे. बोलून का न्हाई राहिला? दात दुखतेत?"

प्रभूनं ओठ गच्च दाबले. गुरुजींनी भुवई वर केली.

"पेरणीच्या आधी झाला का नंतर?" गुरुजींनी विचारलं.

"पेरनी झालीच न्हाई त्या साली."

"बरं. पुलाच्या कामावर तुम्ही होतात. तेव्हा हा पोटात होता?"

प्रभूनं मनातच हात जोडले. हो म्हण, माय. एवढं एकदा हो म्हण.

"पोटात कशाचा? झोळीत व्हता. पुलाजवळच्या लिंबाला झोळी बांधायची मी."

गेलं. प्रभू मेंढ्यांच्या गव्हाणीवर बसला, तर एका मेंढीनं त्याच्या शर्टाचं टोक तोंडात घेतलं. त्यानं घेऊ दिलं.

"अन् सुकडी?" गुरुजींचा आवाजही आता हळू झाला होता. "ती कुणी खाल्ली?"

"आमी दोघानं. मला दूध कुठलं? पोटात अन्न न्हाई तर दूध कुठून यील? मंग सुकडी पान्यात भिजवायची, बोटावर घ्यायची अन् ह्याला चाटवायची. पूल झाला त्या दिशी सायेब आला व्हता, सगळ्याला दुप्पट सुकडी दिली. मी ह्याला चाटवून राहिले, तर ह्यानं माझं बोट असं कडकन चावलं! रगत आलं. सायेब हसला." तिनं उजव्या हाताचं बोट पुढं केलं, जणू व्रण अजून असावा. "तवापासून हा असाच."

गुरुजी एकदम पुढं सरकले. "चावलं? म्हणजे दात आले होते?"

"त्याबगर कसं चावल?"

"किती?"

प्रभूला कळलं. त्याला स्वतःच्या दोन लेकरांचे दात आठवले. खालचे दोन, ते सात-आठ महिन्याला येतात. सहा-आठ दात म्हणजे वर्ष झालेलं. पूल कधी पुरा झाला हे पुलाच्या दगडावर कोरलेलं होतं, लहानपणी त्या दगडावर बसून त्यानं शंभरदा वाचलं होतं. 'काम पूर्ण, फेब्रुवारी १९७३'. दोन दात असतील तर जून-जुलै बहात्तर, तो वाचला. सहा असतील तर गेल्या फेब्रुवारीतच पस्तीस झालेले. सगळं त्या एका बोटावर येऊन थांबलं होतं.

सत्यभामाबाई आठवत होती. मेंढी शर्ट चावत होती. गुरुजींनी पेनचं टोपण काढलं.

"दोन," ती म्हणाली. "खालचे. उंदरासारखे."

गुरुजींनी बोटांवर महिने मागं मोजले. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर... परत मोजले. मग वही मिटली अन् प्रभूकडं असं बघितलं, जसं गणित चुकलेल्या पोराचं उत्तर चुकून बरोबर यावं.

"बोल आता," ते म्हणाले.

प्रभूनं आधी मेंढीच्या तोंडातून शर्ट सोडवला.

प्रतिज्ञापत्रं दोन झाली, मायचं अंगठ्याचं अन् गुरुजींचं सहीचं. पुलाच्या दगडाचा फोटो काढला. रजिस्टरचं पान, वहीचं पान, सगळं जोडलं. अन् गुरुजींनी शब्द पाळला. आठव्या कलमात लिहिलं, 'अनुक्रमांक एकतीस, बजरंग, हा विद्यार्थी नसून बोकड होता. ही नोंद माझ्याकडून फसगतीने झाली. फसवणारा अनुक्रमांक बारा.'

हिंगोलीच्या वकिलानं त्याचं इंग्रजी केलं. सत्यशीला ते वाचता वाचता थांबली.

"वकीलसाहेब, बोकडाला तुमी 'किड' लिहिलं."

"बरोबर आहे ताई. किड म्हणजे शेळीचं पिल्लू."

"किड म्हंजे लेकरूबी व्हतं. त्यांना वाटल, बजरंग विद्यार्थी नसून लेकरू व्हता. मंग लेकरू शाळेत घातलं त्यात वाईट काय झालं?"

वकिलानं डिक्शनरी काढली. शेवटी 'मोठा झालेला नर शेळी' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. प्रभूनं कपाळाला हात लावला. पाकीट नांदेडला वसरामच्या हातात दिलं तेव्हा सोळातले चार दिवस उरले होते. वसरामनं आठवं कलम वाचलं अन् खुर्चीत मागं टेकला.

"प्रभू, मी तुला काय म्हनलं व्हतं? चेष्टा नको."

"चेष्टा न्हाई. खरं हाय."

"खरं असलं म्हनून काय सगळं सांगावं लागतं?"

"गुरुजीला सांग."

मग वाट बघणं. मे लागला, वसमतची हवा भट्टीसारखी झाली. प्रभू रोज दुपारी फोनकडं बघायचा. मिस्त्री त्याची थट्टा करायचे, 'आज बोकडाचा निकाल लागला का?', अन् तो, ज्यानं उभ्या जन्मात कुणाला सोडलं नव्हतं, तो मुकाट रॉड बदलायचा. पंधरा मे गेला. वीस गेला. त्याचा टाका वाकडा जायला लागला, तसं सोनाजीनं त्याला ग्राइंडरवर बसवलं.

चोवीस मेला दुपारी फोन वाजला. वसराम. आधी नुसता कागदाचा खडखडाट.

"बोल की बे!"

"थांब, वाचून दाखवतो. 'आपलं स्पष्टीकरण अन् जोडलेली कागदपत्रं आम्ही तपासली. ती मान्य करन्यात येत हायेत. वेल्डर म्हनून आपलं शिक्षन अन् अनुभव ग्राह्य धरन्यात येतो.' प्रभू, झालं तुझं! अन् खाली आनखी एक ओळ हाय."

"कोनती?"

"'अनुक्रमांक एकतीसबद्दल अधिक कागदपत्रांची आवश्यकता नाही.'"

कारखान्यात असा ओरडा झाला, की शेजारचा पंक्चरवाला पाना घेऊन पळत आला. सोनाजी प्रभूच्या पाठीत बुक्क्या मारत म्हणाला, "आरं, बोकडानंच वाचवलं तुला! खोटे कागद करनारा मानूस कदी बोकड घालून राहील का? एवढं येडं कोन असतंय?"

एकोणतीस मेला व्हिसाचा अर्ज गेला. पस्तिशीला तीन दिवस बाकी होते.

एक जूनला प्रभू पेढे घेऊन वाडीवर गेला. आधी औंढ्याला गुरुजींकडं थांबला. गुरुजींनी पेढा घेतला अन् म्हणाले, "जा. पण तिथल्या रजिस्टरात कुणाचं नाव घालू नकोस." पुलाजवळ त्यानं गाडी हळू केली, दगडावरची अक्षरं एकदा वाचली. वाडीवर माय झाडाखाली लोकर पिंजत बसली होती. त्यानं तिच्या तोंडात पेढा घातला.

"माय, एक विचारू का? खरं सांगशील?"

"इचार."

"बराबर दोनच दात व्हते का गं मला?"

सत्यभामाबाईनं पेढा चघळला, गिळला, पदरानं तोंड पुसलं.

"चावलं तवा दोनच लागले बाबा. मागं आनखी असतील, तर मी काय तुझ्या तोंडात ब्याटरी मारून बघितलं व्हतं?"